कूबी फोरा: राखेचा थर, डुकरांच्या दाढा आणि एका कवटीचे वय

स्तरवेध

केनियाच्या उत्तर टोकाला, तुर्काना सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर कूबी फोरा ही जागा आहे. मराठीत आदिमानवाविषयी जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात या जागेचा उल्लेख बहुधा एका कवटीपुरताच येतो. ती कवटी महत्त्वाची आहेच. पण ती कोणत्या थराखाली सापडली, त्या थराचे वय कसे ठरले आणि ते ठरवताना जवळजवळ दहा वर्षे जो वाद चालला, तो मला त्या कवटीहून अधिक मोलाचा वाटतो. जीवाश्म आणि खडक यांनी एकमेकांची साक्ष तपासण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सहज सापडत नाही, म्हणून हा धागा.

आधी जमिनीविषयी. पूर्व आफ्रिकेची खचदरी इथिओपियाच्या उंचवट्यातून निघून केनियाच्या उंचवट्यात शिरते आणि या दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात तुर्काना खोरे आहे. येथे भूकवच ताणले जाते, एका बाजूच्या मोठ्या प्रस्तरभंगाला धरून तळ खचतो आणि खचलेल्या भागात नद्या गाळ आणून टाकतात. तळ खचत राहिल्यामुळे गाळाला जागा मिळत राहते. कूबी फोरा येथे असा साचलेला गाळ एकावर एक मोजत गेल्यास सुमारे ५६० मीटर भरतो आणि त्यात ४० लाख वर्षांहून जुन्या काळापासूनची नोंद आहे. कधी येथे मोठे सरोवर होते, कधी नदीचा रुंद पूरप्रदेश. पुढे हेच थर प्रस्तरभंगांमुळे कलले, वर आले आणि झिजू लागले. त्यामुळे आज त्या उघड्या बोडक्या टेकड्यांवर हाडे आपोआप पृष्ठभागावर येतात.

या गाळात मधूनमधून करड्या रंगाचे राखेचे थर आहेत. त्यांना टफ म्हणतात. ही राख जवळच्या एखाद्या डोंगरातून सरळ येथे पडलेली नाही. तिचे उगम मुख्यतः इथिओपियातले. उद्रेकानंतर ओमो नदीने आणि तिच्या उपनद्यांनी ती दक्षिणेकडे वाहून आणली आणि पात्रांत व किनाऱ्यावर पसरली. अशा टफचा तुकडा भिंगाखाली धरला, तर धारदार, पारदर्शक काचकण दिसतात, त्यांत नदीची साधी वाळू दिसते आणि क्वचित प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या हलक्या सच्छिद्र दगडाचा, गोटा मिळतो, जो वाहताना घासून गोल झालेला असतो. पुढचा सगळा घोटाळा या मिसळीतून झाला.

१९६९ मध्ये के बेहरेन्समायर या तरुण भूवैज्ञानिकेला अशाच एका टफमध्ये दगडी हत्यारे मिळाली. तिच्या नावाच्या आणि ‘साइट’ या शब्दाच्या आद्याक्षरांवरून ती जागा केबीएस आणि तो थर केबीएस टफ झाला. त्याचे नमुने इंग्लंडमध्ये फ्रँक फिच आणि जॅक मिलर यांच्याकडे गेले. पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा काही भाग आर्गॉन-४० मध्ये बदलतो, त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, आणि लाव्हा थंड होऊन फेल्डस्पारचे स्फटिक बनल्यावर त्यांत अडकलेला आर्गॉन मोजून वय काढता येते. पहिले उत्तर २० कोटी वर्षांहून अधिक आले, म्हणजे जुन्या खडकांचे कण नमुन्यात मिसळले होते हे उघड होते. मग तांदळातले खडे निवडावेत तसे प्युमिसमधले स्वच्छ स्फटिक निवडून पुन्हा मोजणी झाली आणि १९७० मध्ये वय जाहीर झाले: २६.१ लाख वर्षे, कमी-अधिक २.६ लाख.

१९७२ मध्ये तेथील संशोधनाचे प्रमुख रिचर्ड लीकी यांच्या चमूतील बर्नार्ड न्गेनेओ यांना एका घळीच्या उतारावर हाडांचे तुकडे दिसले. शेकडाहून अधिक तुकडे जुळवून जी कवटी उभी राहिली, ती केएनएम-ईआर १४७० या क्रमांकाने ओळखली जाते. मोठा मेंदू, सपाट उभा चेहरा. ती केबीएस टफच्या बरीच खाली होती, म्हणून तिचे वय सुमारे २९ लाख वर्षे सांगितले गेले. एवढ्या प्राचीन काळी एवढा मोठा मेंदू असेल, तर मानववंशाचे तोवरचे सगळे चित्र बदलावे लागले असते.

याच वेळी सरोवराच्या उत्तरेला, इथिओपियात, ओमो नदीच्या काठी शुंगुरा येथे दुसरे उत्खनन चालू होते. तेथे टफ अधिक होते आणि फ्रँक ब्राउन यांनी काढलेली त्यांची वये खालून वर क्रमाने लागत होती. दोन्हीकडच्या प्राण्यांचे जीवाश्म ज्यांनी हाताळले, त्यांना मात्र हिशेब जुळेना. बेसिल कुक यांनी डुकरांचा अभ्यास केला होता. डुकराची तिसरी दाढ ही जबड्यातली सर्वांत मागची दाढ. तिच्या माथ्यावर कवचाने मढलेल्या खांबांच्या जोड्या असतात. गवतातल्या सिलिकाने दात झिजतात, म्हणून गवताकडे वळलेल्या वंशांत लांब आणि उंच दाढांची जनावरे टिकत गेली. आज कोल्पोकोएरस म्हणतात त्या डुकरात ही दाढ मागच्या टोकाला नवे खांब घेत लांबत गेलेली स्पष्ट दिसते, आणि मेट्रिडिओकोएरसमध्ये ती उंचही झाली. कूबी फोरा येथे केबीएस टफच्या खालच्या डुकरांच्या दाढा शुंगुराच्या २० लाख वर्षांच्या आसपासच्या दाढांशी जुळत होत्या; २६ ते २९ लाख वर्षांच्या दाढांशी नव्हे. व्हिन्सेंट मॅग्लिओ यांनी तपासलेले हत्तींचे दातही तेच सांगत होते.

१९७५ मध्ये बर्कलीच्या गार्निस कर्टिस आणि सहकाऱ्यांनी वेगळे नमुने मोजून १८ आणि १६ लाख अशी उत्तरे दिली, तेव्हा वाद पेटला. १९७९ मध्ये काचकणांच्या रासायनिक घटकांवरून केबीएस टफ आणि शुंगुराचा एच-२ टफ ही एकाच उद्रेकाची राख असल्याचे दाखवले गेले. १९८०-८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील इयन मॅकडूगल यांनी दोन पद्धतींनी १८.८ लाखांच्या आसपासचे वय काढले आणि प्रश्न मिटला. डुकरांचे म्हणणे खरे ठरले.

नदीकाठ

लेख उत्तम झाला आहे, तरी एक शंका उरते. दाढांच्या लांबीवरून वय काढणे हा वर्तुळात फिरणारा तर्क तर नव्हे? शिवाय ओमोच्या काठी दाट झाडी असेल आणि कूबी फोरा येथे सरोवराकाठचे गवताळ रान असेल, तर एकाच काळातली डुकरेही दोन ठिकाणी वेगळी असू शकतील. गवताळ भागात लांब दाढा आधी आल्या असतील, आणि म्हणून कूबी फोराचे थर आहेत त्याहून अलीकडचे वाटले असतील, असे का म्हणू नये?

स्तरवेध

नदीकाठ, तुमची दुसरी शंका त्या काळी लीकींच्या बाजूने खरोखरच मांडली गेली होती आणि ती चुकीच्या वयाचा भक्कम आधार होती. तिच्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. दोन्ही ठिकाणचा परिसर सारखा नव्हताच.

पहिल्या शंकेचे उत्तर असे की शुंगुरा येथे दाढांचा क्रम दाढांवरून लावलेला नव्हता. वरचा थर कोणता आणि खालचा कोणता हे गाळावरून ठरलेले, आणि मधल्या टफची वये स्वतंत्रपणे मोजलेली. त्या चौकटीत दाढा ठेवल्यावर त्यांची लांबी खालच्या थराकडून वरच्या थराकडे वाढत गेलेली दिसली, म्हणून तर्क वर्तुळात फिरत नाही.

परिसराच्या फरकाने एका वंशाचे स्पष्टीकरण देता आले असते. पण डुकरांचे एकापेक्षा अधिक वंश, शिवाय हत्ती, हे सगळे एकाच दिशेने आणि साधारण तेवढ्याच काळाने सरकलेले दिसत होते. झाडी आणि गवत यांतला फरक सगळ्यांवर इतका सारखा परिणाम करील, हे मला पटत नाही. तेव्हाच्या अनेक जीवाश्मतज्ज्ञांनाही ते पटले नव्हते. पुढे जॉन हॅरिस आणि टिम व्हाइट यांनी १९७९ मध्ये आफ्रिकेतील या काळातल्या सर्व डुकरांचा नव्याने आढावा घेतला, त्यातूनही तोच निष्कर्ष निघाला.

मोजमाप

मला फिच आणि मिलर यांच्या बाजूने दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण ही हकीकत सांगताना भौतिकशास्त्रज्ञ चुकले आणि जीवाश्मतज्ज्ञ जिंकले असे चित्र सहज तयार होते. पोटॅशियमचा एक भाग अणुभट्टीत आर्गॉन-३९ मध्ये बदलून दोन्ही आर्गॉन एकत्र मोजण्याची पद्धत तेव्हा नवी होती. जुने कण मिसळलेले आहेत हे त्यांनीच प्रथम ओळखले आणि पहिले उत्तर टाकून दिले. पुढे १९७६ मध्ये त्यांनी आपले वय २४.२ लाखांवर आणले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने झिरकॉन या खनिजातील युरेनियमच्या विदलनाच्या, म्हणजे अणू फुटताना स्फटिकात उमटलेल्या, खुणा मोजून २४.४ लाख हे उत्तर काढले. दोन पूर्णपणे वेगळ्या पद्धतींनी इतके जवळचे उत्तर आल्यावर कोणालाही ते खरेच वाटेल. विदलनाच्या खुणा मोजताना स्फटिकातली कोणती रेषा खरी खूण मानायची आणि कोणती सोडायची हा निर्णय निरीक्षकाच्या नजरेवर असतो. अँड्र्यू ग्लीडो यांनी अधिक काळजीने पुन्हा मोजणी केली तेव्हा, १९८० मध्ये, वय १८.७ लाखांवर आले.

चुंबकीय पट्ट्यांचेही तसेच. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून दिशा उलटते; गाळ साचताना ते सुलट होते की उलट, एवढेच थर सांगतो. तो कितवा सुलट काळ आहे हे सांगत नाही. १९७४ मध्ये कूबी फोराचे पट्टे २६ लाखांच्या वयाशी जुळवून वाचले गेले, कारण तेव्हा तेच वय गृहीत होते. मला यातली खरी अडचण ही वाटते: आधी ठरलेल्या आकड्याभोवती नंतरचे पुरावे गोळा होत गेले, आणि त्या आकड्याशी काहीही देणेघेणे नसलेला पुरावा फक्त प्राण्यांचा होता.

स्तरवेध

मोजमाप, हे तुम्ही फार नेमके मांडले आहे आणि मी त्याच्याशी सहमत आहे. स्फटिकांची निवड आज एकेका कणावर लेसर टाकून केली जाते, त्यामुळे मिसळलेला जुना कण लगेच वेगळा दिसतो. त्या काळी एका मोजणीसाठी पुष्कळ स्फटिक एकत्र वितळवावे लागत, आणि त्यांत थोडेसे जुने कण असले तरी संपूर्ण सरासरी मागे ओढली जाई.

अरण्यवाट

डुकरे आणि हत्ती यांच्यापलीकडे तेथे काय सापडते, याविषयी कोणी लिहील का? मला त्या काळचे सरोवर आणि त्याचा काठ डोळ्यांसमोर आणायचा आहे.

कातळ

अरण्यवाट, ही यादी लांब आहे, म्हणून मला जे विशेष वाटते तेवढेच लिहितो.

पाण्यात आणि काठावर दोन प्रकारच्या मोठ्या मगरी होत्या. एक युथेकोडॉन, अतिशय लांब आणि अरुंद तोंडाची, मासे पकडण्यासाठी घडलेली. आपल्या चंबळच्या घडियालासारखे तोंड, पण नाते वेगळे. दुसरी रुंद तोंडाची, ७ मीटरांहून लांब वाढणारी, जिचे क्रोकोडायलस थॉर्बजारनारसोनी असे नामकरण २०१२ मध्ये झाले. त्या पाण्यावर येणाऱ्या आपल्या पूर्वजांना तिचा धोका नक्कीच असणार. पाणघोड्याच्या एकापेक्षा अधिक जाती एकाच वेळी नांदत होत्या. त्यांतल्या हिप्पोपोटॅमस गॉर्गोप्सचे डोळे कवटीच्या माथ्यावर नळीसारखे उंच वर आलेले होते. गवत खाणारे मोठे माकड थेरोपिथेकस, अवाढव्य शिंगांचा पेलोरोव्हिस आणि खालच्या जबड्यातून खाली वळलेले सुळे असणारा डायनोथेरियम हेही तेथे होते.

भारतीय वाचकांसाठी सिवाथेरियमचा उल्लेख करायलाच हवा. जिराफाचा हा धिप्पाड, फांद्याफांद्यांच्या शिंगांचा नातलग प्रथम आपल्याकडे शिवालिक टेकड्यांत सापडला आणि १८३६ मध्ये फाल्कनर व कॉटली यांनी त्याचे वर्णन केले. त्याच वंशाची आफ्रिकी जात कूबी फोरा येथे मिळते. डायनोथेरियमचे अवशेषही आपल्याकडे गुजरातच्या पिरम बेटावर सापडलेले आहेत.

मला स्वतःला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा जीवाश्म मात्र लहानसा आहे. सुमारे १९ लाख वर्षांपूर्वीच्या गाळात पाकट माशाचे अवशेष मिळतात. पाकट मूळचा समुद्रातला. आज तुर्काना सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही, मग तो तेथे पोचला कसा? क्रेग फायबल यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की त्या काळी खोऱ्यातून एक नदी आग्नेयेकडे वाहत हिंदी महासागराला मिळत होती आणि तिच्यातून हे मासे वर आले. एका माशाच्या काट्यावरून संपूर्ण जलप्रवाहाची दिशा समजते, हे मला विलक्षण वाटते.

नदीकाठ

पाकटाची गोष्ट माहीत नव्हती. मग ती नदी बंद कशामुळे झाली?

कातळ

खचदरी स्थिर नसते. सरोवराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला ज्वालामुखीचे डोंगर उभे राहिले, तळाचे काही भाग खचले, काही उचलले गेले, आणि पाणी बाहेर पडण्याची वाट कधी मोकळी राहिली, कधी अडली. वाट अडली की खोऱ्यात सरोवर भरायचे. गाळाने खोरे भरले की पुन्हा नदी वाहू लागायची. म्हणूनच कूबी फोराच्या थरांत सरोवराचा शिंपल्यांचा गाळ आणि नदीची वाळू आळीपाळीने येतात.

यात एक मोठी फटही आहे, तिचा उल्लेख व्हायला हवा. १९८६ मध्ये ब्राउन आणि फायबल यांनी कूबी फोराचे थर टफच्या आधारे आठ भागांत विभागले: लोन्युमुन, मोइती, लोकोचोट, तुलू बोर, बुर्गी, केबीएस, ओकोटे आणि चारी. यांतल्या बुर्गी भागाच्या मधोमध साधारण २५ ते २० लाख वर्षांपूर्वीचा गाळ जवळपास नाहीच. जे साचले ते धुऊन गेले किंवा साचलेच नाही. मानववंशात मोठे बदल झाले तो हाच काळ असल्यामुळे ही फट फार बोचते. शुंगुरा येथे मात्र त्या काळातले थर आहेत. एका जागेचा इतिहास लिहायला शेजारची जागा का लागते, ते येथे कळते.

कुकडीकाठ

या धाग्यावर बोरीचा उल्लेख यायलाच हवा असे वाटते, म्हणून लिहीत आहे. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी येथे गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर आहे आणि त्याच्याशी संबंधित अश्यूलियन प्रकारची (हातकुऱ्हाडींसाठी ओळखली जाणारी) दगडी हत्यारे मिळालेली आहेत. १९८० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर काम केले. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्यानंतर आपल्या या भागात ज्वालामुखी नाहीत, तेव्हा ही राख बाहेरूनच आलेली. पोटॅशियम-आर्गॉनने तिचे वय प्रथम सुमारे १४ लाख वर्षे आले, नंतरच्या एका मोजणीत ६.७ लाख आले, आणि काचकणांच्या रासायनिक तपासणीवरून ती सुमात्रातील टोबाच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची राख आहे असे मत पुढे आले. १४ लाख आणि ७५ हजार यांतला फरक पाहिला की केबीएसचा वाद सौम्य वाटतो.

स्तरवेध

कुकडीकाठ, हा दुवा फार योग्य आहे. येथेही नदीने पुन्हा वाहून आणलेल्या राखेत जुने कण मिसळले, तर आर्गॉनचे वय फसवे जुने येऊ शकते. आणि येथेही काचेच्या रसायनाने उगम शोधण्याचा मार्ग तोच. एक मोठा फरक असा की बोरी येथे केबीएसच्या डुकरांसारखा, म्हणजे त्या एकाच थराच्या खालीवर क्रमाने बदलत जाणारा, पृष्ठवंशी प्राण्यांचा भरपूर पुरावा हाताशी नाही. दुसरे म्हणजे राखेचे वय नक्की झाले तरी हत्यारांचे वय आपोआप नक्की होत नाही. ती मूळ जागी होती की नदीने जुन्या थरांतून उकरून तेथे आणली, हा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो.

काचकणांची ओळख किती दूरवर पोचते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. कूबी फोराचा तुलू बोर टफ इथिओपियातील हदारच्या सिदी हकोमा टफशी जुळला. ल्यूसी हा आदिमानवाचा प्रसिद्ध सांगाडा जेथे सापडला तीच ही हदार. तुर्काना खोऱ्यातल्या राखा एडनच्या आखातात समुद्रतळातून काढलेल्या गाळातही ओळखल्या गेल्या आहेत. त्यामुळे खचदरीतले थर आता सागरी गाळाच्या सलग नोंदीशी जोडता येतात.

अरण्यवाट

शेवटचा प्रश्न. १४७० ची कवटी उतारावर विखुरलेली सापडली असे आपण लिहिले आहे. मग ती टफच्या खालच्या थरातली आहे, हे तरी कशावरून? वरून घसरत आलेली नसेल कशावरून?

स्तरवेध

हा प्रश्न प्रत्येक पृष्ठभागावरच्या जीवाश्माला विचारावाच लागतो, आणि कूबी फोरा येथील बहुतेक जीवाश्म पृष्ठभागावरूनच उचललेले आहेत. तपास तीन अंगांनी होतो. हाडाच्या पोकळीत आणि भेगांत चिकटून बसलेला गाळ कोणत्या थराशी जुळतो, हे पाहिले जाते. उताराची माती चाळून बाकीचे तुकडे कोणत्या उंचीपर्यंत मिळतात, हे पाहिले जाते. त्या उंचीच्या वर तुकडे मिळत नसतील, तर हाड त्याच पातळीतून बाहेर पडले असे मानता येते. आणि हाडाच्या पृष्ठभागाची झीज पाहिली जाते. हाड उन्हापावसात पडून राहिले की प्रथम त्याला बारीक भेगा पडतात, मग सालपटे निघतात, शेवटी ते भुसभुशीत होते. याच बेहरेन्समायर यांनी १९७८ मध्ये केनियातील अंबोसेली येथे आजच्या प्राण्यांची हाडे पाहून या झिजेच्या पायऱ्या ठरवल्या. मात्र गाडले जाण्यापूर्वीची झीज आणि अश्मीभूत झाल्यावर पुन्हा उघड्यावर आल्यानंतरची झीज या वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात.

१४७० च्या बाबतीत ती टफच्या खालची आहे याविषयी गंभीर मतभेद राहिलेला नाही. आता ती वरच्या बुर्गी भागातली, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे कुक यांनी दाढांवरून जो काळ सुचवला होता, साधारण त्याच काळातली.